गावाच्या कामासाठी शासकीय निधी : ठरावापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत निधीची सुरुवात एका पत्राने होते. लेटरहेडवर चार ओळी, खाली सरपंचाची सही, आणि ते पत्र आमदारांच्या हातात देतानाचा फोटो. पुढे वर्षभर विचारणा चालते, की त्या पत्राचे काय झाले. खरे तर त्या पत्राचे काहीच होऊ शकत नाही. त्यात जागा कोणाची आहे हे नसते, खर्च किती ते नसते, आणि कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या क्रमांकित खात्यातून) पैसे मागितले आहेत तेही नसते. निधी देणारा माणूस अनुकूल असला तरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याला तयार फाइल लागते. ती ज्या गावाची असेल त्या गावाला काम मिळते. म्हणून पुढाऱ्याकडे जाणे ही यातली तिसरी-चौथी पायरी आहे, पहिली नाही. पहिल्या पायऱ्या गावातच चढायच्या असतात.

आधी खाते ओळखा

काम ठरले की पहिला प्रश्न हा, की हे कोणत्या पैशातून बसते. दलित वस्तीतला रस्ता, गावठाणातला रस्ता आणि आदिवासी पाड्यावरचा रस्ता या तिन्हींचे काँक्रीट एकच असते, पण पैसे तीन वेगळ्या खात्यांतून येतात. चुकीच्या दारात दिलेला प्रस्ताव तिथून योग्य दारात आपोआप जात नाही. तो तिथेच पडून राहतो.

ग्रामपंचायतीच्या थेट हातात येणारा सगळ्यात खात्रीचा पैसा म्हणजे केंद्रीय वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाच्या काळात (२०२१-२२ ते २०२५-२६) यातला ६० टक्के भाग बंधित (ठरलेल्या बाबींवरच खर्चायचा) आणि ४० टक्के अबंधित होता. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यात तो ८०:१०:१० असा वाटला जात असे. समजा, ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख आले, तर ३ लाख पिण्याचे पाणी व पुनर्भरणावर, ३ लाख स्वच्छता व सांडपाण्यावर, आणि उरलेले ४ लाख गावाच्या गरजेप्रमाणे. अबंधित म्हणजे मनाला येईल तसे नव्हे. पगार आणि आस्थापना खर्च त्यातून करता येत नाही. बंधितपैकी एका बाबीची गरज पूर्ण भागली असेल तर ती रक्कम दुसऱ्या बंधित बाबीवर वळवता येते, पण गरज भागल्याचे ग्रामसभेने नोंदवावे लागते. २०२६-२७ पासूनचा पैसा सोळाव्या आयोगाच्या अटींनी येतो. त्यामुळे जुने प्रमाण पाठ धरून आराखडा करू नका, त्या वर्षाचा शासन निर्णय समोर ठेवा.

जिल्हा नियोजन समितीचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. यात स्मशानभूमी व ग्रामपंचायत भवनासारख्या कामांची जनसुविधा योजना आहे, पाच हजारांवर लोकसंख्या असलेल्या ग्रामपंचायतींसाठी नागरी सुविधा आहे, ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्र विकास आहे, आणि ३०५४ व ५०५४ या लेखाशीर्षांखालचे रस्ते आहेत. देवस्थानाच्या परिसराचे काम करायचे असेल तर आधी त्या स्थळाला ‘क’ वर्ग दर्जा मिळवावा लागतो. तो दर्जा जिल्हा नियोजन समितीच देते. दर्जा नसताना भक्तनिवासाचा प्रस्ताव पाठवणे म्हणजे टपालखर्च वाया घालवणे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना (बोलीत दलित वस्ती) समाजकल्याण विभागाकडून येते. वस्तीच्या लोकसंख्येवर रकमेची मर्यादा ठरते, आणि वस्ती जिल्हा परिषदेच्या पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात असावी लागते. आराखडा होतो तेव्हा आपल्या वस्तीचे नाव आणि लोकसंख्या बरोबर गेली का, हे पाहायला कोणी जात नाही. मग पुढची पाच वर्षे सगळे चिडतात. आदिवासी भागासाठी ठक्कर बाप्पा योजना आहे. पेसा क्षेत्र (आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेला भाग) राज्यातल्या १३ जिल्ह्यांत आहे, आणि तिथे आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट गावाकडे येतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, ग्रामपंचायतीची मासिक सभा नव्हे. लेखापरीक्षणात सर्वाधिक वाद इथेच होतात.

राहिला लोकप्रतिनिधींचा पैसा. ‘पंचवीस-पंधरा’ म्हणून ओळखले जाणारे २५१५ हे ग्रामविकास विभागाचे लेखाशीर्ष, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांचे. खेरीज आमदार निधी आणि खासदार निधी, दोन्ही वर्षाला ५ कोटींचे. आकडा मोठा दिसतो, पण दीडशे गावांच्या मतदारसंघात आमदार निधी सारखा वाटला तर गावाला सव्वातीन लाखांच्या आसपास येतो. २५ लाखांचे सभागृह आमदार निधीतून मागणाऱ्याने हा भागाकार एकदा करून पाहावा. खासदार निधीत १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के जमातींच्या वस्त्यांसाठी राखावे लागतात. हा कोटा अनेकदा भरत नाही, म्हणून वस्तीचे काम तिथे लवकर बसते.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता, आर. आर. (आबा) पाटील सुंदर गाव, माझी वसुंधरा अशा स्पर्धांची बक्षिसे हाही निधीच, पण त्यावर काम विसंबून ठेवू नये.

जागा : इथेच निम्म्या फाइली मरतात

मंजुरी मिळूनही पैसा परत जाण्याचे सर्वांत मोठे कारण जागा हे आहे. गावात सगळ्यांना ‘ती पंचायतीचीच जागा’ असे ठाऊक असते. सातबाऱ्यावर मात्र भलतेच नाव निघते.

गावठाणातली जागा असेल तर नमुना ८ चा (कर आकारणी नोंदवहीचा) उतारा आणि ग्रामपंचायतीची स्थावर मालमत्ता व जमिनीची नोंदवही (नमुना २२ व २४) पाहा. गावठाणाचे नगर भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिकाही हवी. रस्त्याचे काम असेल तर तो रस्ता नमुना २३ मध्ये, म्हणजे ताब्यातील रस्त्यांच्या नोंदवहीत, चढलेला असलाच पाहिजे. नसेल तर मासिक सभेत ठराव करून लांबी-रुंदीसह नोंद घ्या आणि नंतरच अंदाजपत्रकाला हात घाला. नोंद आठवड्याभरात होते. ती नसल्याने अडलेला प्रस्ताव मात्र पुढच्या वर्षावर जातो.

खासगी जागा कोणी देत असेल तर शंभराच्या बाँडवरचे संमतिपत्र पुरेसे नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले बक्षीसपत्र करा आणि सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचे नाव लागेपर्यंत थांबा. देणारा माणूस चांगलाच असतो, पण त्याच्या बहिणींची नावे वारसाने लागलेली असतात आणि त्यांच्या सह्या राहून जातात. इमारत लिंटेलपर्यंत आली की दिवाणी न्यायालयाची नोटीस येते. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाची सही घ्यायची, अपवाद नाही.

गायरान ही सरकारी जमीन आहे. गावाच्या वापरातली असली तरी ती ग्रामपंचायतीच्या मालकीची नसते, आणि बांधकामासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर महसूल खाते यात फारच सावध झाले आहे, तेव्हा सहा महिने हाताशी धरा. वनजमिनीचे उलट आहे. तिथे लोक अवघड समजून सोडून देतात, पण वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी, समाजमंदिर अशा १३ प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. हा मार्ग उपवनसंरक्षकांच्या पातळीवर मिटू शकतो.

ठराव कसा लिहायचा

ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघावी, दवंडीची नोंद ठेवावी. गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल ते. पेसा गावात १५ ऐवजी २५ टक्के. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली तर तिला गणपूर्ती लागत नाही, पण विषय तेच ठेवायचे. नवीन विषय घुसवला की तो ठराव कमकुवत झाला. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्यात आहे. तिचे इतिवृत्त जोडलेले असले की तपासणारा पुढचे आक्षेप सहसा शोधत नाही.

ठरावाचा मजकूर मोघम नसावा. ‘गावात रस्ते करण्यास मंजुरी’ या ओळीतून काहीच मंजूर होत नाही. ‘मौजे अमुक येथील वॉर्ड क्र. २ मध्ये मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा, लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, काँक्रीट रस्ता व एका बाजूस गटार, अमुक योजनेतून करावा. जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असून नमुना २३ मध्ये अनुक्रमांक अमुकवर नोंद आहे. हे काम यापूर्वी अन्य योजनेतून झालेले अथवा प्रस्तावित नाही. देखभाल ग्रामपंचायत करेल.’ पुढे सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, तारीख. एका ठरावात एकच काम घ्या. दहा कामांचा एक ठराव केला आणि त्यातल्या एका कामावर हरकत आली की दहाही अडकतात.

कामाच्या नावाबद्दल जास्तीची काळजी घ्या, कारण मंजुरीच्या शासन निर्णयात नाव जसे छापले जाते तसेच काम करावे लागते. ‘अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत’ अशी नावे सर्रास दिली जातात. पुढे घर पडते, विकले जाते, किंवा त्या दोन घरांच्या मध्ये आधीच पेव्हर ब्लॉक बसवलेले निघतात. २५१५ च्या यादीतले नाव बदलायला मंत्रालयातून शुद्धिपत्रक काढावे लागते, आणि त्यात सहा महिने सहज जातात. शाळा, देऊळ, पाण्याची टाकी, पूल अशा हलणार नाहीत त्या खुणा घ्या. ‘सभामंडप’, ‘सभागृह’ आणि ‘समाजमंदिर’ हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नका. तिन्हींना वेगळी योजना आणि वेगळा नकाशा लागतो.

आराखड्यात नाही तर पैसा नाही

ग्रामपंचायत विकास आराखडा (‘आमचं गाव, आमचा विकास’) दर वर्षी होतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून त्याची प्रक्रिया सुरू होते, आणि तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवला जातो. वित्त आयोगाचा रुपयाही आराखड्यात नसलेल्या कामावर टाकता येत नाही. म्हणून जे काम पुढच्या वर्षी होण्याची पाच टक्के जरी शक्यता असेल, ते आराखड्यात घालून ठेवा, मग पैसा कुठूनही येवो. नंतर पुरवणी आराखडा करता येतो, पण त्यासाठी पुन्हा ग्रामसभा आणि पुन्हा पोर्टल.

स्वनिधीतली (ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातली) राखीव टक्केवारी इथेच बसवायची असते : मागासवर्गीयांसाठी १५, महिला व बालकल्याणासाठी १०, दिव्यांगांसाठी ५ टक्के. हा खर्च टाळलेला असला की गटविकास अधिकारी नव्या प्रस्तावाला शिफारस देताना हात आखडतात, आणि ते बरोबरही आहे.

अंदाजपत्रक

हे जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाच्या शाखा किंवा कनिष्ठ अभियंत्याने करायचे असते, पाणीपुरवठ्याचे असेल तर त्या उपविभागाने. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू राज्य दरसूचीचे. अभियंत्याकडे तीस-चाळीस गावे असतात. त्याने स्वतःहून येऊन मोजावे अशी वाट पाहिलीत तर पावसाळा येईल. टेप घेऊन लांबी-रुंदी मोजा, सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा फोटो काढा, पाणी कुठून कुठे वाहते ते कागदावर आखा, आणि हे घेऊन त्याच्याकडे जा.

अंदाजपत्रक वाचता यावे म्हणून एक उदाहरण घेऊ : १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद रस्ता. खाली १५० मिलिमीटरचा दाबलेला खडीचा थर म्हणजे ४५ घनमीटर. त्यावर १०० मिलिमीटरचे १:३:६ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट म्हणजे ३० घनमीटर, त्याला सिमेंट सुमारे १३० पोती. वर १५० मिलिमीटरचे एम-२० (अधिक मजबूत प्रतीचे काँक्रीट) म्हणजे ४५ घनमीटर, घनमीटरला सुमारे ८ पोती धरून ३६० पोती. प्रत्यक्षात साइटवर तीनशे पोती उतरली तर १९० पोती कुठे गेली हा प्रश्न कोणत्याही सदस्याला विचारता आला पाहिजे, आणि त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. आयएस ४५६ प्रमाणे ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला चार नमुने घ्यायचे असतात. एका नमुन्याचे तीन ठोकळे, म्हणजे बारा ठोकळे. त्यांच्या २८ दिवसांच्या चाचणीचा अहवाल देयकाला जोडला जातो. ठोकळे त्याच गाडीतल्या मालाचे भरले का, हे भरताना उभे राहून पाहावे लागते.

अंदाजपत्रकात काय राहून जाते? गटार. रस्ता होतो, गटार ‘पुढच्या निधीत’ ढकलले जाते, घरांचे सांडपाणी काँक्रीटच्या कडेला मुरते, खालची माती बसते आणि दुसऱ्याच पावसाळ्यात कड तुटते. पैसे कमी असतील तर १०० मीटर रस्त्याऐवजी ७० मीटर रस्ता गटारासह घ्या. दुसरी राहणारी गोष्ट म्हणजे सांधे. साडेचार मीटरच्या आत सांधा कापला नाही तर काँक्रीट स्वतःच सांधा शोधते, तोही वेडावाकडा. तिसरी, नळजोडणीचे पाइप. रस्ता व्हायच्या आधी प्रत्येक घरासमोर आडवा पाइप टाकून ठेवा, नाहीतर महिन्याभरात ब्रेकर लागतो.

एकूण रकमेत मूळ काम, १८ टक्के जीएसटी, गुणवत्ता चाचणी आणि विमा हे सगळे धरले आहे का ते पाहा. मूळ काम १० लाखांचे आणि मागणीही १० लाखांची, अशी फाइल गेली तर जीएसटीसाठी पुढे कामच छाटावे लागते.

फाइल आणि तिची वेळ

फाइलीत हे असावे : ग्रामसभेच्या ठरावाची प्रमाणित नक्कल, जागेचा उतारा, सही-शिक्क्याचे अंदाजपत्रक व नकाशा, जागेचे फोटो, काम दुबार नसल्याचा दाखला, देखभालीचे हमीपत्र, आणि योजनेप्रमाणे लोकसंख्येचा किंवा वस्तीचा दाखला. चार प्रती करा. एक पंचायत समितीला, एक जिल्हा परिषदेच्या संबंधित विभागाला, एक लोकप्रतिनिधीकडे, एक दप्तरात. प्रत्येक ठिकाणची आवक नोंद क्रमांकासह घ्या. आवक क्रमांक नसलेला प्रस्ताव ‘आलाच नाही’ असे म्हणणे अगदी सोपे असते.

वेळेचे गणित कळले की निराशा कमी होते. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात बनतो, जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरावर बैठका होतात, मार्चमध्ये अर्थसंकल्प. त्यामुळे विभागाकडे मागणी दिवाळीच्या सुमारास पोचलेली बरी. मे महिन्यात नेलेली फाइल बहुधा पुढच्या वर्षाच्या रांगेत लागते.

यातला दुसरा कळीचा शब्द ‘दायित्व’. समजा एका योजनेला जिल्ह्यात ५ कोटींचा नियतव्यय (वर्षासाठी ठरवून दिलेली रक्कम) आहे आणि मागच्या वर्षीच्या अपूर्ण कामांचे ३ कोटी द्यायचे आहेत. उरतात २ कोटी. त्यांच्या दीडपट, म्हणजे ३ कोटींची नवी कामे मंजूर करण्याची पद्धत आहे. अर्थ सरळ आहे : मंजूर कामांइतका पैसा त्या वर्षी तिजोरीत नसतो. प्रशासकीय मान्यता (कामाला व खर्चाला मंजुरी) आली म्हणून गुलाल उधळण्याआधी निधी किती वितरित झाला ते विचारा. ३० टक्केच वितरित झाला असेल तर ठेकेदार पायापर्यंत काम करून मशीन दुसरीकडे हलवणार, हे गृहीत धरा.

जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्चायला दोन वर्षांची मुदत असते, इतर यंत्रणांचा ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे परत जातो. त्यामुळे कार्यान्वयन यंत्रणा कोणती, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आणि आचारसंहिता. ती लागली की नव्या मान्यता व कार्यारंभ आदेश थांबतात. आदेश निघून जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेले काम चालू राहते. निवडणुकीच्या वर्षात आदेश खिशात ठेवून मुहूर्ताची वाट पाहणाऱ्यांची कामे अशीच राहतात.

मंजुरीनंतर

क्रम असा : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्याची), निविदा, कार्यारंभ आदेश, आणि मगच काम. हा क्रम उलटला तर नंतर जुळवता येत नाही. ‘काम करून टाकू, कागद मागून करू’ असे सांगणारा ठेकेदार जवळजवळ नेहमी भेटतो. त्याच्या कामाच्या फोटोवरची तारीख आदेशाच्या आधीची निघाली, तर देयक अडते आणि आक्षेप ग्रामपंचायतीच्या माथी बसतो.

ग्रामपंचायत स्वतः एजन्सी म्हणून किती रकमेपर्यंत काम घेऊ शकते आणि किती रकमेपुढे ई-निविदा लागते, या मर्यादा शासन निर्णयाने वेळोवेळी बदलतात. लागू असलेला निर्णय फाइलीला जोडूनच ठेवा. मर्यादा चुकवायला एका रस्त्याचे तीन तुकडे करणे लेखापरीक्षक सगळ्यांत आधी पकडतो. तीन अंदाजपत्रके, तिन्हींची तारीख एक, ठेकेदार एक.

ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४(१)(ग) प्रत्येक सदस्याने पाठ करावे. पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर सदस्यत्व जाते. भावाच्या नावाने घेतलेली निविदा, मुलाच्या ट्रॅक्टरचे भाडे, पत्नीच्या दुकानातले सिमेंट यांवरून आयुक्तालयापर्यंत प्रकरणे जातात, आणि तक्रार करणारा बहुधा पराभूत पॅनेलचा असतो. त्याच्याकडे वेळ भरपूर असतो.

काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेत (सगळे एम.बी. म्हणतात) नोंद अभियंत्याने जागेवर मोजून करायची. झाकल्या जाणाऱ्या थरांची, म्हणजे पाया, खडी, सळई यांची मोजमापे आणि फोटो झाकण्याआधी. नंतर खोदून दाखवा म्हणणारा पथकप्रमुख येऊ शकतो. काँक्रीट किमान १४ दिवस ओले राहिले पाहिजे, आणि हे काम गावकऱ्यांनीच लक्ष ठेवून करून घ्यावे. उन्हाळ्यात टँकर पाठवायला ठेकेदाराला परवडत नाही, त्यामुळे पाण्याची जबाबदारी कार्यारंभ आदेशातच लिहून घेतलेली बरी. कामाचा फलकही लावा : नाव, योजना, रक्कम, ठेकेदार, दोषदायित्व कालावधी. अनेक फलकांवर नेमका शेवटचाच तपशील नसतो, आणि दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने मागता येते हे गावाला कळतच नाही.

देयक आणि कपाती

देयकातून आयकर कापायचा : ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के. करार अडीच लाखांहून मोठा असेल तर जीएसटीचा २ टक्के टीडीएस. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का. वाळू, खडी, मुरुमाच्या वाहतूक पावत्या नसतील तर गौण खनिजाचे स्वामित्वधन (रॉयल्टी). शिवाय सुरक्षा ठेव, जी दोषदायित्व कालावधी संपल्यावरच परत. यासाठी ग्रामपंचायतीचा टॅन (करकपातीचा खाते क्रमांक) आणि जीएसटी टीडीएस नोंदणी असावी लागते. कापलेली रक्कम मुदतीत भरली नाही तर दंड पंचायतीच्या खात्यावर येतो, आणि तो निधीतून भरता येत नाही.

वित्त आयोगाचे पैसे रोखीने किंवा धनादेशाने जात नाहीत. ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस (केंद्राची निधी-व्यवस्थापन प्रणाली) यांच्या जोडणीतून, ग्रामपंचायत अधिकारी (गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी ते थेट विक्रेत्याच्या खात्यात जातात. इथे अडचणी ठरलेल्या आहेत. स्वाक्षरीची मुदत संपलेली असते. सरपंच बदललेला असतो आणि नव्याची नोंदणी तालुक्याकडून मंजूर व्हायची असते. विक्रेत्याचे खाते नाव व पॅनशी जुळत नाही. कामाचे जिओटॅग फोटो चढवलेले नसतात. निवडणुकीनंतर नव्या सरपंचाने पहिल्या आठवड्यात डिजिटल स्वाक्षरीचा अर्ज करावा, सत्कार नंतर. आणि त्या स्वाक्षरीची की (पेनड्राइव्हसारखे उपकरण) स्वतःच्या खिशात ठेवावी. ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये दोन्ही की पडून असतात, अशा ग्रामपंचायतींत घडणाऱ्या गोष्टींची जबाबदारी शेवटी सही ज्याची त्याचीच.

पोर्टलवर मंजूर आराखडा आणि झालेला खर्च कोणालाही दिसतो, लॉगिन लागत नाही. ‘मेरी पंचायत’ ॲपवरही पाहता येतो. ग्रामसभेला येण्याआधी गावकऱ्यांनी तो उघडून पाहिला तर चर्चेचा सूर बदलतो.

हिशेब मिटवणे

काम पूर्ण झाले की पूर्णत्वाचा दाखला, अंतिम मोजमाप, त्रयस्थ तांत्रिक परीक्षणाचा अहवाल (योजनेत असेल तर), मालमत्तेची नमुना २२ किंवा २३ मध्ये नोंद, आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला). मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र न गेल्याने पुढचा हप्ता थांबतो, आणि कित्येकदा तालुक्यातल्या दोन-चार गावांमुळे सगळ्यांचाच थांबतो. खात्यात साठलेले व्याज वेगळे दाखवा. ते ग्रामपंचायतीचे उत्पन्न नाही, योजनेच्या अटीप्रमाणे परत करायचे किंवा त्याच कामात धरायचे असते. शिल्लक राहिलेली रक्कम ‘तेवढ्यात समोरचे गटारही करून घेऊ’ म्हणून परस्पर वापरली तर ती वसुलीत येते, काम कितीही चांगले झालेले असो.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचा आक्षेप आला की घाबरून तो दप्तराच्या तळाशी ठेवू नका. बहुतेक आक्षेप कागद न दाखवल्याचे असतात. पावती, एम.बी. किंवा चाचणी अहवाल जोडून अनुपालन दिले की वगळले जातात. दहा वर्षांनी तेच आक्षेप निघाले तर सह्या करणारा अधिकारी बदललेला असतो, ठेकेदार फोन उचलत नाही, आणि माजी सरपंचाच्या नावावर वसुलीची नोटीस लागते. म्हणून प्रत्येक कामाची पूर्ण फाइल स्कॅन करून एक प्रत पंचायतीच्या संगणकाबाहेर ठेवा, आणि पदावरून उतरताना दप्तर देतानाच्या यादीत प्रत्येक फाइलीचा क्रमांक लिहून पोच घ्या.